पुलावरचा झेंडा

धाकट्यांना घरात सगळे धाकटेच म्हणत. वय पासष्ट झालं, वरच्या दाढा चारच उरल्या, तरी हे नाव काही सुटलं नाही. त्याला कारण त्यांचे थोरले भाऊ. ते सत्तरीचे, बायको गेल्यापासून याच घरात मागच्या खोलीत राहत, आणि थोरले घरात असेपर्यंत धाकट्यांना मोठं व्हायची सोय नव्हती.

धाकट्यांनी उभा जन्म भूमापन कचेरीत नकाशे काढण्यात घालवला. दुसऱ्यांनी मोजलेल्या टेकड्या आणि दुसऱ्यांनी ओलांडलेल्या नद्या यांनी नुसत्या शाईने गिरवल्या. निवृत्त झाल्यावर त्यांना संगणकावरचा एक युद्धाचा खेळ सापडला आणि गडी त्यात बुडाला तो बुडालाच. गंमत अशी की खेळण्यात त्यांना फारसा रस नव्हता. रस होता तो लढाया रचण्यात. खेळाबरोबर त्याची सोय होती. आधी नुसता कोरा पडदा, त्यावर मधाच्या पोळ्यासारखी सहाकोनी घरं. कुठल्या घरात शेत, कुठल्या घरात चिखल, नदी कुठून कुठे जाते, हे तुम्ही ठरवायचं. मग दोन्ही सैन्यांच्या सोंगट्या मांडायच्या, किती वाजता सुरुवात, धुकं किती दाट, सगळं भरायचं. अशा रचलेल्या लढाईला खेळणारी मंडळी सिनॅरिओ म्हणतात. धाकटे तिला आपले 'प्रसंग' म्हणत. असे चाळीसएक प्रसंग त्यांनी रचले होते, आणि ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत असे तीनेकशे लोक कुठकुठल्या देशांत बसून ते खेळत होते.

"आयुष्यात कधी झुरळ मारलं नाही," त्यांची बायको म्हणायची, "आणि आता दिवसाला दोन पलटणी कापतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच."

धाकटे रागावत नसत. खरं सांगायचं तर त्यांना ते ऐकूच जात नसे. नकाशा रंगात आला की ते त्यात राहायलाच जायचे. भाजी आणायला निघाले तरी रस्त्याच्या कडेची घरं मोजत, अमुक सोंगटीला इथून कोपऱ्यावर पोचायला दोन चाली लागतील असं मनात म्हणत चालायचे, आणि भाजीवाल्यापुढे उभे राहून आपण काय घ्यायला आलो ते विसरायचे. दुपारी डोळा लागला की पडद्यावरची नदी उशाशी वाहायची. तिच्या काठचं गवत त्यांनीच हिरवं केलेलं असायचं, पण झोपेत त्याला वास असायचा. जागे झाल्यावर तो वास थोडा वेळ खोलीत राहायचा आणि मग जायचा. या सुखाबद्दल त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

या कामात त्यांचा एक नेम होता. संगणक शत्रूच्या बाजूने खेळतो, पण त्याला स्वतःची अशी काही इच्छा नसते. नकाशावर ज्या घरात तुम्ही झेंडा रोवाल आणि त्याला गुण लावाल, तिकडे तो धावतो. झेंडाच नसला तर त्याचं सैन्य जिथल्या तिथे बसून राहतं. म्हणून कोरा पडदा उघडला की धाकटे आधी झेंडा रोवत आणि मग नदी, डोंगर, रस्ते. हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये तसं ते झालं होतं.

त्या सोमवारी थोरले पत्र हातात घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. थोरले या खोलीत सहसा येत नसत. लढाई हा त्यांच्या लेखी खेळायचा विषय नव्हता. तरुणपणी ते सैन्यात होते, पूल बांधणाऱ्या आणि उडवणाऱ्या तुकडीत, आणि त्या दिवसांतली एक सकाळ सोडून बाकी सगळं ते मजेत सांगत. ती एक सकाळ घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी काढत नसे.

"वाच," थोरले म्हणाले.

पत्र एका शाळामास्तरणीचं होतं. तिने सरळ लिहिलं होतं. तिचे वडील त्या सकाळी नदीच्या पलीकडे राहिलेल्या सतरा जणांत होते, बिनतारी यंत्र सांभाळायचे. ती तेव्हा पाच महिन्यांची होती, आता सेहेचाळीस वर्षांची आहे. रविवारी अकरा वाजता ती येणार होती. तिला एकच विचारायचं होतं: पूल उडवायला अर्धा तास थांबता आलं असतं का?

"काय सांगशील?" धाकट्यांनी विचारलं.

"आजवर सगळ्यांना सांगितलं तेच. इलाज नव्हता." थोरले खुर्चीत बसले. मग पडद्याकडे बोट केलं. "तुझ्या या यंत्रात ती सकाळ बसवता येईल?"

"दादा, हा खेळ आहे."

"माहितीये मला. पण मी थांबलो असतो तर काय झालं असतं, हे मला एकदा बघायचंय. सेहेचाळीस वर्षं मी ते डोळे मिटून बघतोय. एकदा उघड्या डोळ्यांनी बघू दे. त्या पोरीच्या तोंडावर नुसतं 'इलाज नव्हता' म्हणायचा आता धीर नाही माझ्यात."

धाकट्यांना आपल्या भावाने आजवर काही मागितल्याचं आठवत नव्हतं. त्यांनी कोरा पडदा उघडला, मधोमध नदी जाईल अशा बेताने पुलाचं घर ठरवलं आणि त्यात झेंडा रोवला.

पुढचे चार दिवस घरातली घड्याळं चालू होती एवढंच. थोरले खुर्चीत डोळे मिटून सांगत आणि धाकटे काढत. पूल लाकडी, दोन गाड्या शेजारून जातील एवढा. अलीकडे चढ, चढावर तंबूंचं रुग्णालय, चारशे जखमी. पलीकडे सपाट शेतं, मग झाडांची रांग, मग टेकड्या, आणि त्या टेकड्यांत कुठेतरी शत्रू. हुकूम असा की सातपर्यंत थांबायचं, पलीकडची शेवटची तुकडी आली की पूल उडवायचा, आणि शत्रू आधी आला तर आधी उडवायचा. धुकं असं की आपलाच पसरलेला हात दिसू नये. सहा वाजून वीस मिनिटांनी धुक्यातून गाड्यांचा आवाज आला. पंचविसाव्या मिनिटाला चोवीस वर्षांच्या थोरल्यांनी दट्ट्या दाबला. सतरा जण पलीकडे राहिले, पोहून यायला नदीत उतरले आणि वाहून गेले.

"झाडं कसली होती?" धाकटे विचारत.

"उंच. पानं नव्हती. थांब, एक आडवं पडलेलं होतं, त्यावर पोरं पाय सोडून बसायची."

आडवं पडलेलं झाड दाखवायची खेळात सोय नव्हती. धाकट्यांनी तरी त्यासाठी जंगलाचं एक घर कोरून अर्धं केलं. बायको चहा आणून ठेवायची आणि थंड झालेला परत न्यायची. तिसऱ्या दिवशी तीही दारात थांबून ऐकू लागली. खिडकीचा पडदा वाऱ्याने आत यायचा, उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकायचा, आणि थोरल्यांच्या आवाजातून एक अख्खी सकाळ थेंबाथेंबाने खोलीत जमत होती. बुधवारी दुपारी धाकट्यांना झोपेत ते सतरा जण दिसले. ते झाडावर बसून पाय हलवत होते आणि कुणालाच कुठे जायची घाई नव्हती. जाग आली तेव्हा धाकट्यांचे डोळे ओले होते. त्यांनी ते पुसले आणि कामाला लागले.

गुरुवारी प्रसंग तयार झाला. एक चाल म्हणजे दहा मिनिटं. धाकट्यांनी थोरल्यांच्या बाजूने तो तीस वेळा खेळून पाहिला, दर वेळी पूल न उडवता. तिसांतल्या तीसही वेळा तेच झालं. शत्रू टेकड्या उतरून नाकासमोर पुलाकडे आला, सतरा जण पोचायच्या आत पोचला, पूल गेला आणि मागोमाग चढावरचं रुग्णालय गेलं.

शुक्रवारी थोरल्यांनी स्वतः खेळून पाहिलं. पहिल्यांदा एक चाल थांबले, मग दोन, मग तीन, मग चार. चारही वेळा चारशे जखमींचे तंबू शत्रूच्या ताब्यात गेले. चौथ्या वेळी त्यांनी माउसवरचा हात काढला आणि खुर्चीत मागे रेलले.

"म्हणजे खरंच इलाज नव्हता," ते हळूच म्हणाले.

त्या दिवशी थोरल्यांनी दोनदा वाढून घेतलं, ताटावरच एक जुना फौजी विनोद सांगितला आणि त्यावर स्वतःच सगळ्यांत जास्त हसले. मागच्या खोलीतून दुपारभर त्यांच्या घोरण्याचा आवाज येत होता. धाकट्यांचा जीव भांड्यात पडला. आपण केलेल्या कामाचा कुणाला इतका उपयोग झाल्याचं त्यांनी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं.

आता खरं तर तिथेच थांबायचं. पण धाकट्यांचा दुसरा एक नेम होता: प्रसंग पुरा झाला की एकदा शत्रूच्या खुर्चीत बसून खेळायचं, म्हणजे बांधणीत कुठे पोकळी राहिली असेल तर कळते. शनिवारी न्याहारी करून ते बसले. धुकं खेळात चालूच होतं, त्यामुळे शत्रूला जेवढं दिसलं असतं तेवढंच पडद्यावर दिसत होतं. टेकड्या आणि दोन-चार शेतं, त्यापुढे सगळं पांढरं. नदी दिसत नव्हती. पूल दिसत नव्हता. सतरा माणसं तर नव्हतीच. त्या एवढ्या पांढऱ्यात फक्त एक गोष्ट ठळक दिसत होती, आणि ती म्हणजे त्यांनी सोमवारी रोवलेला झेंडा.

धाकटे सोंगटी उचलून तिकडे निघाले होते. अर्ध्या वाटेवर त्यांचा हात थांबला. 'मला पूल दिसत नाही,' त्यांच्या मनात आलं, 'मग मी तिकडे कशाला चाललोय?'

शत्रूला पूल हवा होता हे थोरल्यांनी सांगितलं नव्हतं. कुठल्या कागदात नव्हतं. ते धाकट्यांनी ठरवलं होतं, नदी काढायच्याही आधी, निव्वळ सवयीने. तीस वेळा शत्रू पुलाकडे आला तो यांनी बोलावला म्हणून आला.

त्यांनी झेंडा काढला आणि शत्रू पुन्हा संगणकाच्या हाती दिला. मग एकेक चाल संपवत गेले. टेकड्यांवरच्या सोंगट्या हलल्या नाहीत. सहा पस्तीस झाले, सहा पंचेचाळीस झाले. धुक्यातून सतरा जणांची सोंगटी एकेक घर पुढे येत होती. सहा वाजून पंचावन्न मिनिटांनी ती पुलावरून अलीकडे आली. पूल उडवायला अजून हवा तेवढा वेळ होता.

धाकट्यांनी बायकोला हाक मारली आणि सगळं सांगितलं. ती पडद्याजवळ वाकली. "म्हणजे हे खरं, का कालचं खरं?"

"दोन्ही खरं नाही. शत्रूच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही. मी कालपर्यंत ते ठाऊक असल्यासारखं दाखवलं एवढंच."

"मग तेवढं तरी दादांना सांगा."

"अगं, माणूस सेहेचाळीस वर्षांनी काल पोटभर जेवला."

"ते मी वाढलं, मला माहितीये," ती म्हणाली. "पण अहो, उद्या ते त्या बाईला तुमच्या झेंड्याच्या जोरावर सांगणार. आणि तुम्ही शेजारी तोंड मिटून बसणार. जमेल?"

धाकट्यांना ते जमणार नव्हतं, आणि सांगणंही जमणार नव्हतं. शनिवार त्यांनी असाच काढला. मागच्या खोलीच्या दारापर्यंत तीनदा गेले आणि तीनदा काहीतरी भलतंच विचारून परत आले. तिसऱ्यांदा त्यांनी "पंखा चालतोय ना?" असं विचारलं, आणि पंखा त्यांच्या डोक्यावरच फिरत होता.

रविवारी सकाळी थोरले इस्त्रीचा सदरा घालून चहाला बसले तेव्हा धाकटे उभ्या उभ्याच बोलले. एकही शब्द गाळला नाही. झेंड्याची सवय, शत्रूची खुर्ची, पांढरं धुकं आणि सहा वाजून पंचावन्न मिनिटं. "चूक माझी आहे, दादा," ते शेवटी म्हणाले. "मी तुला खोटी खात्री दिली."

थोरल्यांनी कप खाली ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते ओरडले नाहीत. उठून खिडकीशी गेले आणि अकरा वाजेपर्यंत तिथेच उभे राहिले. धाकट्यांना वाटलं, आपण या माणसाला एका दिवसाचं सुख दिलं आणि आपणच काढून घेतलं. त्यांना रडावंसं वाटलं.

मास्तरीण अकराच्या ठोक्याला आली. किरकोळ बांध्याची, खांद्याला पिशवी, बोलणं नेमकं. पाणी घेतलं, चहाला नको म्हणाली आणि थोरल्यांच्या समोर बसली.

"पत्रात लिहिलंय तेच विचारायचंय," ती म्हणाली. "थांबता आलं असतं का?"

थोरल्यांपुढे दोन वाटा होत्या. एका वाटेवर त्यांचं सगळं आयुष्य मागे होतं तसंच राहणार होतं, आणि खोलीतल्या कुणीही त्यांना अडवणार नव्हतं.

"हो," थोरले म्हणाले. "आलं असतं."

तिने खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली.

"गाड्यांचा आवाज मी ऐकला, ते खरं. पण धुक्यात आवाज कुठल्या बाजूने येतो ते कळत नाही. मागे रुग्णालयाच्या आमच्याच गाड्या होत्या, त्यांचाही असेल. मी एक माणूस पलीकडे पाठवून बघायला हवं होतं. मी घाबरलो." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले. "आणि एक गोष्ट मी या माझ्या भावालासुद्धा कधी सांगितली नाही. नंतर खालच्या अंगाला नऊ जण सापडले. तुमचे वडील त्यांत होते. मी प्रत्येकाला बघितलं. एकालाही गोळी लागलेली नव्हती."

धाकट्यांनी भावाकडे पाहिलं. पलीकडे त्या सकाळी कुणी आलंच नव्हतं, आणि हे थोरल्यांना पहिल्यापासून माहीत होतं. चार दिवस खुर्चीत डोळे मिटून त्यांनी झाडंसुद्धा सांगितली होती, पण हे सांगितलं नव्हतं. त्यांना यंत्राकडून सत्य नको होतं, कुणीतरी आपल्याला सोडवावं एवढंच हवं होतं. धाकट्यांना त्यांचा राग आला नाही. फार माया आली.

"मला ती जागा बघायची आहे," मास्तरीण म्हणाली. "या म्हणून तुमचं उत्तर आलं, त्याखाली तुमच्या भावांनी लिहिलं होतं, नकाशा करतोय म्हणून."

धाकट्यांनी झेंडा नसलेला प्रसंग उघडला. माउस थोरल्यांच्या हाताखाली दिला. ती मागे उभी राहिली. थोरल्यांनी पूल उडवला नाही, चाल संपवली. सोंगटी एक घर पुढे आली. पुन्हा चाल संपवली. पांढऱ्यातून झाडांची रांग वर आली आणि मागे पडली. तिने बोटाने ती सोंगटी दाखवली, पडद्याला न टेकता, आणि विचारलं, "यात?"

"यात," धाकटे म्हणाले. "सतराही."

सोंगटी पुलावर आली, अलीकडे उतरली आणि चढाला लागली. शेवटची चाल थोरल्यांना दोनदा संपवावी लागली. खेळाने निकाल दाखवला. कुणी जिंकलं नव्हतं. मास्तरीण रडत होती, आणि तिने ते लपवलं नाही.

डोळे पुसून ती थोरल्यांकडे वळली. "मी तुम्हाला माफ करायला आले नव्हते," ती म्हणाली, "आणि आत्ताही करत नाही. ते माझ्याकडून होणार नाही."

"मी ते मागितलंही नाही," थोरले म्हणाले.

"पण आई आहे अजून. सत्तरीची आहे, चष्मा लावून सगळं वाचते. तिच्याकडे तुमचं तेव्हाचं पत्र आहे, इलाज नव्हता असं लिहिलेलं. आयुष्यभर तिने त्या पत्रावर मन घट्ट केलंय." तिने पिशवीतून वही काढली, मधलं एक पान नीट फाडलं आणि टेबलावर ठेवलं. "तिला दुसरं पत्र लिहा. मी घेऊन जाते."

"हे वाचून तिला बरं वाटणार नाही," थोरले म्हणाले.

"नाही वाटणार. पण आई दर वेळी म्हणते, शत्रूने मारलं त्यांना. ज्याने मारलं नाही त्याला ती सेहेचाळीस वर्षं शिव्या देतेय. तिला कळू दे."

धाकट्यांनी पेन दिलं. थोरल्यांनी हाताच्या सवयीने 'कळवण्यास अत्यंत दुःख होते की' एवढं लिहिलं, ते वाचलं आणि खोडून टाकलं. खाली नव्या ओळीवर सावकाश लिहिलं: 'बाई, मला थांबता आलं असतं.' तिथे त्यांचं पेन अडलं. त्यांनी मान वर करून मास्तरणीकडे पाहिलं.

ती त्यांच्या खांद्याशी उभी राहून वाचत होती.

"पुढे लिहा," ती म्हणाली.